चार, चारा आणि माश्तोत्स



मागच्या सुट्टीत नातू आला होता. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण घरात मराठी बोलतो. त्याचे वाचन पाहावे म्हणून मी कागदावर एक वाक्य लिहून दिले : 'चार गाईंना चारा चार.' त्याने ते खणखणीत वाचले, आणि तिन्ही ठिकाणी चंद्रातला 'च' म्हटला. चोरातला 'च' त्याने एकदाही काढला नाही.

आधी मला हसू आले. मग म्हटले, याची चूक काय? कागदावर तर तिन्ही 'च' सारखेच आहेत! पहिला तालव्य, पुढचे दोन दंततालव्य, हे आपल्याला व्याकरणाने नाही, आईने शिकवलेले असते. 'माझा' म्हणताना झ वेगळा आणि 'माझी' म्हणताना वेगळा. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. लिहायला एकच, उच्चार दोन. चाळीसेक वर्षे मराठी शिकवले, पण वर्गातल्या मुलांना हा फरक समजावून सांगण्याची वेळ फारशी आली नाही. ती तो घरूनच घेऊन यायची.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे गेले काही महिने मी आर्मेनियन लिपीविषयी मिळेल ते वाचतो आहे. तुम्ही म्हणाल, या वयात हे काय नवीन खूळ! खूळ तर खरेच. पण सोळाशे वर्षांपूर्वी एका माणसाने आपल्या लोकांच्या बोलण्याला कान लावला आणि 'च'चे हे दोन उच्चार वेगवेगळ्या अक्षरांत लिहून ठेवले, हे वाचल्यावर माझ्यासारख्या मास्तराला राहवेल कसे?

त्या माणसाचे नाव मेस्रोप माश्तोत्स.

काळ इसवी सनाच्या चौथ्या शतकाचा शेवट. आर्मेनिया हा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधला डोंगराळ मुलुख. एका बाजूला रोमन साम्राज्य, दुसऱ्या बाजूला इराणचे सासानी. दोन बैलांच्या झुंजीत झाडाची जी गत, तीच या देशाची. ३८७ साली या दोघांनी आर्मेनिया चक्क वाटून घेतला. मोठा वाटा इराणच्या छायेखाली गेला. तिथे आर्मेनियन राजा होता, पण नावापुरताच.

देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. परंपरेने त्याचे साल ३०१ सांगतात. पण धर्मग्रंथ होते ग्रीक आणि सिरियाक भाषेत. दरबारचे कागद ग्रीक, सिरियाक नाही तर इराणी. आर्मेनियन भाषा बाजारात होती, शेतात होती, पाळण्याच्या गाण्यात होती, पण तिला अक्षरे नव्हती. देवळात प्रार्थना चालायची आणि समोरच्या माणसाला त्यातले अक्षर कळायचे नाही. (हे वाचताना आपल्याला ज्ञानोबा आठवणार, हे ओघानेच आले.)

माश्तोत्सचा जन्म सुमारे ३६२ चा, तारोन प्रांतातला. ग्रीक शिकलेला, राजदरबारात लेखनिकाचे काम केलेला. पुढे संन्यास घेतला आणि गावोगाव धर्मोपदेश करत हिंडू लागला. तिथे त्याला कळले की आपण सांगतो ते लोकांना पुस्तकातून पडताळता येत नाही, कारण पुस्तकच परक्या भाषेत आहे. मग तो धर्मगुरू साहाक याच्याकडे गेला आणि दोघे मिळून राजा व्रामशापुहकडे गेले. हे सगळे आपल्याला कळते ते कोर्युन या त्याच्या शिष्यामुळे. गुरू गेल्यावर थोड्याच वर्षांत त्याने गुरूचे चरित्र लिहिले, आणि ते त्याच नव्या अक्षरांत लिहिले.

या गोष्टीत मला सगळ्यात मोलाचे वाटते ते एक अपयश. राजाला कळले होते की दानिएल नावाच्या एका सिरियन बिशपाकडे आर्मेनियन भाषेसाठी अक्षरे आहेत. ती मागवली. मुलांना गोळा करून त्या अक्षरांवर शिकवणेही सुरू केले. सुमारे दोन वर्षे प्रयोग चालला. मग लक्षात आले की ही अक्षरे पुरत नाहीत. भाषेतले कितीतरी ध्वनी त्यांत मावत नाहीत. हे कळले कुठे, तर मुलांना शिकवताना! दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, चालवून घ्या, संदर्भाने कळते. माश्तोत्सने चालवून घेतले नाही. काही शिष्य बरोबर घेऊन तो एडेसा आणि समोसाटा या त्या काळच्या विद्येच्या गावांकडे निघाला. समोसाटात रुफिनस नावाच्या एका ग्रीक सुलेखनकाराने अक्षरांना शेवटचे वळण दिले. साल ४०५. अक्षरे छत्तीस.

नव्या लिपीत पहिले भाषांतर केले ते बायबलातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचे. त्याच्या आरंभी शहाणपण ओळखण्याविषयीचे वाक्य आहे. एखाद्या भाषेचे पहिलेवहिले लिखित वाक्य म्हणून याहून चांगले काय निवडणार?

आता त्या अक्षरांकडे वळतो. व्याकरणाचा भाग आहे, पण घाबरू नका, मराठी माणसाला तो फार सोपा आहे. किंबहुना इंग्रजांना किंवा फ्रेंचांना जे शिकताना घाम फुटतो, ते आपल्या पोराला जन्मापासून येते.

आपली वर्णमाला कशी? क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, असे पाच-पाचांचे वर्ग. आर्मेनियनमध्ये तीन-तीनांचे वर्ग करता येतात. ग, क, ख. द, त, थ. ब, प, फ. म्हणजे एक मृदू, एक कठोर, एक महाप्राण. घ, ध, भ तेवढे नाहीत. एक गमतीचे उदाहरण देतो. येरेवानकडच्या आर्मेनियनमध्ये 'दास' म्हणजे धडा, 'तास' म्हणजे दहा आणि 'थास' म्हणजे पेला. इंग्रजी कानाला 'तास' आणि 'थास' वेगळे काढणे कठीण जाते. आपल्याला त्यात अवघड ते काय?

खरी मौज पुढे आहे. तालव्य ज, च, छ यांची तीन अक्षरे वेगळी. आणि दंततालव्यांची पुन्हा तीन अक्षरे वेगळी! म्हणजे जनतेतल्या 'ज'ला एक अक्षर आणि जहाजातल्या 'ज'ला दुसरे. चार आकड्यातल्या 'च'ला एक आणि गाईच्या चाऱ्यातल्या 'च'ला दुसरे. शिवाय दंततालव्य 'च'चा एक महाप्राण भाऊ, जो आपल्याकडे नाही, त्याला तिसरे. घोड्याला 'द्झी' म्हणतात, समुद्राला 'त्सोव', आणि गव्हाला 'त्सोरेन', पण त्यातला 'त्स' किंचित श्वास सोडून म्हणायचा. तीन शब्द, आरंभीची तीन अक्षरे निराळी. पाच त्रिके पंधरा अक्षरे आणि कुठेही घोटाळा नाही. माझ्या नातवाला आर्मेनियन लिपीत 'चार गाईंना चारा चार' लिहून दिले असते, तर तो चुकला नसता!

बाकीही चीजा आहेत. 'र'ची दोन अक्षरे, एक हलका र आणि एक जिभेचे टोक थरथरवून काढायचा. घशातला 'ख़' वेगळा. 'ग़'सारखा घर्षणाचा आवाज वेगळा. आपल्या 'अ'सारखा एक ऱ्हस्व स्वर आहे, त्यालाही अक्षर आहे. पण शब्दाच्या पोटात तो बहुधा लिहितच नाहीत, वाचणाऱ्याने घालून घ्यायचा. 'म्कर्तिच' असे एक नाव आहे, लिहिताना आरंभीच्या चार व्यंजनांत स्वरच नाही, म्हणताना मात्र 'मकर्तिच'च्या जवळ जाते. आपल्याकडे उलटा प्रकार. आपण 'घर' लिहितो, त्यातल्या 'र'मध्ये अ आहे असे मानतो आणि म्हणताना गाळतो. प्रत्येक लिपी वाचणाऱ्यावर थोडा भरवसा टाकतेच. माश्तोत्सही सगळीकडे काटेकोर नव्हता. 'उ' लिहायला त्याने ग्रीकांचे पाहून दोन अक्षरे जोडली.

वर्णमालेला 'आइबुबेन' म्हणतात, कारण पहिली दोन अक्षरे 'आइब' आणि 'बेन'. पहिल्या अक्षराने देवाचे नाव सुरू होते (आस्त्वात्स) आणि छत्तिसाव्याने ख्रिस्ताचे. छत्तीस अक्षरांच्या नऊ-नऊच्या चार ओळी केल्या की तेच आकडे होतात. पहिली ओळ एकक, दुसरी दशक, तिसरी शतक, चौथी सहस्र. जुन्या पोथ्यांत साले अशीच अक्षरांत लिहिलेली असतात. पुढे मध्ययुगात 'ओ' आणि 'फ़' अशी दोन अक्षरे वाढली. दुसरे वाढले ते परक्या शब्दांमुळे. आपण काय केले? फळातला फ आणि फोनमधला फ एकाच अक्षरात बसवले. परिणामी आता पुष्कळ मुले फळालाही फोनचाच फ लावतात.

विरामचिन्हांत तर आपल्याला चकवाच आहे. वाक्य संपले की ते लोक दोन टिंबे देतात, एकावर एक, अगदी आपल्या विसर्गासारखी! आणि प्रश्नचिन्ह वाक्याच्या शेवटी नसते. ज्या शब्दाला प्रश्न आहे, त्याच्या स्वरावर ते चढवतात. 'तू काल आलास?' यात प्रश्न 'तू'ला आहे, 'काल'ला आहे की 'आलास'ला, हे डोळ्यांना लगेच कळते. वर्गात प्रकट वाचन घेताना मला असे चिन्ह फार उपयोगी पडले असते.

ही भाषा आपल्या दूरच्या नात्यातली आहे, हेही सांगितले पाहिजे. तिच्यात इराणी शब्द इतके की पूर्वी विद्वान तिला इराणीचीच एक शाखा समजत. १८७५ साली ह्युब्शमान या जर्मन पंडिताने दाखवून दिले की ही आर्यभाषाकुलातली स्वतंत्र शाखा आहे. नाते ओळखायचे तर ध्वनी कसे बदलले ते पाहावे लागते. शब्दारंभीच्या मूळ 'प'चा तिथे बहुधा 'ह' झाला. म्हणून पितृ तो 'हाइर', आणि पंच ते 'हिंग'. मातृ 'माइर', दुहितृ 'दुस्त्र', द्वार 'दुर', नाम 'अनुन'. हजारो वर्षांपूर्वी पांगलेली भावंडे अशी चेहऱ्याच्या ठेवणीवरून ओळखू येतात.

तर ४०५ साली अक्षरे झाली. ४२८ साली, म्हणजे अवघ्या तेवीस वर्षांनी, आर्मेनियाचे राज्य संपले. इराणने राजाला काढून आपला सुभेदार बसवला. माश्तोत्सने हे डोळ्यांनी पाहिले. तो ४४० साली गेला आणि ओशाकान गावी त्याची समाधी आहे. ती तेवीस वर्षे हातात मिळाली नसती तर काय झाले असते, असे वाटल्याशिवाय राहत नाही. त्या मुदतीत त्याने आणि साहाकने गावोगाव शाळा काढल्या आणि शिष्यांना परदेशी पाठवून ग्रंथ आणवून भाषांतरे करवली. राजा गेला, पण तोवर मुले वाचायला शिकली होती. त्यापुढे पारशी, अरब, तुर्क, रशियन, किती सत्ता आल्या आणि गेल्या. आर्मेनियन चर्च आजही ऑक्टोबरात भाषांतरकारांचा सण पाळते, भाषांतर करणाऱ्यांना संत मानून. अनुवादकांना असा मान मिळालेला आणखी कुठे मी वाचला नाही.

हे लोक जिकडे गेले तिकडे अक्षरे घेऊन गेले. १५१२ साली व्हेनिसमध्ये पहिले आर्मेनियन पुस्तक छापले गेले. आणि जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक कुठे निघाले असेल? मद्रासला! १७९४ साली हारुत्युन श्माव्होनियान नावाच्या पाद्र्याने 'अझ्दारार' काढले. आपल्या मुंबईतही फोर्ट भागात अठराव्या शतकाच्या अखेरचे आर्मेनियन चर्च आहे. व्यापारासाठी सुरत-मुंबईला आलेली ही माणसे हिशेब आणि पत्रे याच अक्षरांत लिहीत.

अक्षरांवरचा जीव किती, याची एक गोष्ट सांगतो. येरेवानमध्ये मातेनादारान नावाचे मोठे हस्तलिखित-भांडार आहे. माश्तोत्सच्याच नावाची ती संस्था. तिथे एक प्रचंड पोथी आहे, मूश गावच्या मठातली, तेराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली, चामड्याच्या पानांची. वजन सुमारे २८ किलो. १९१५ साली ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा संहार सुरू झाला तेव्हा पळून जाणाऱ्या दोन बायकांना ती सापडली. एकटीला उचलवेना, म्हणून त्यांनी तिचे दोन भाग केले आणि एकेक घेऊन चालू लागल्या. एक भाग एच्मियाद्झिनला पोचला. दुसरा एर्झुरूममध्ये पुरून ठेवलेला होता, तो पुढे हाती लागला. आज दोन्ही भाग एकत्र आहेत. जीव वाचवायला निघालेल्या माणसाने काय उचलावे? भाकरी, पोर, दागिना. या बायकांनी पोथी उचलली.

इथपर्यंत वाचून वाटेल, की लिपी केली आणि भाषा अमर झाली. मलाही तसेच वाटले होते. पण गोष्ट इथे संपत नाही.

शतकानुशतके दोन सत्तांखाली राहिल्याने भाषेचे दोन प्रकार झाले, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. अक्षरे तीच, उच्चार मात्र फिरले. पश्चिमेकडे त्रिकातले ध्वनी तीनाचे दोन झाले. 'त'चे अक्षर तिथे द म्हणून वाचतात, आणि 'द'चे व 'थ'चे अक्षर दोन्ही थ म्हणून. म्हणून येरेवानचा 'पेत्रोस' इस्तंबूलचा 'बेद्रोस' होतो, 'हाकोब'चा 'हागोप' आणि 'ग्रिगोर'चा 'क्रिकोर'. लिहिले तर दोघांचे नाव एकच! धडा, दहा आणि पेला या शब्दांपैकी धडा आणि पेला पश्चिमेच्या तोंडात सारखेच ऐकू येतात. मुलांनी कुठे कोणते अक्षर ते पाठ करायचे, जसे आपण 'श' आणि 'ष' पाठ करतो. 'ष'चा मूळचा उच्चार आपल्या तोंडातून गेला, अक्षर राहिले. मी स्वतः वर्गात 'षट्कोनातला ष' म्हणत असे आणि उच्चार करताना 'श'च काढत असे!

पश्चिम आर्मेनियन ज्यांची बोली होती, त्यांचाच मुलुख १९१५ नंतर उजाड झाला. लाखो माणसे मेली, उरली ती लेबनॉन, सीरिया, फ्रान्स, अमेरिका अशी पांगली. २०१० साली युनेस्कोने पश्चिम आर्मेनियनला धोक्यात आलेल्या भाषांच्या यादीत घातले. तिच्याकडे सोळाशे वर्षांची लिपी आहे, छापखाने आहेत, शब्दकोश आहेत. कमतरता आहे ती घरी ती बोलणाऱ्या पोरांची. फ्रान्समधले नातवंड फ्रेंच बोलते, अमेरिकेतले इंग्रजी. अक्षरे कुठे जात नाहीत, तोंडे जातात.

याहून टोकाचे उदाहरण आहे. कोर्युन सांगतो की माश्तोत्सने शेजारच्या कॉकेशियन अल्बेनियन लोकांसाठीही लिपी केली. (युरोपातल्या अल्बेनियाशी यांचा संबंध नाही.) त्या लोकांची ती भाषा कालौघात मागे पडली, लिपी विसरली गेली. १९३७ साली एका जुन्या आर्मेनियन हस्तलिखितात तिची वर्णमाला सापडली तेव्हा ती वाचणारा कोणीच नव्हता. परंपरा म्हणते हात एकच, काळही एकच. एक लिपी शाळेत गेली आणि टिकली, दुसरी पोथीच्या पानात झोपून राहिली.

२००५ साली, लिपीला सोळाशे वर्षे झाली तेव्हा, आरागात्स डोंगराच्या उतारावर आर्ताशावान गावाजवळ ३९ अक्षरांची दगडी शिल्पे उभारली. माळावर माणसाएवढाली अक्षरे उभी आहेत. छायाचित्रांत पाहिले की शाळेच्या मैदानावर मुले रांगेत उभी असल्यासारखी वाटतात.

थोडक्यात काय, माश्तोत्सने दोन कामे केली. भाषेतला एकही ध्वनी अक्षरावाचून राहू नये म्हणून झटला, हे पहिले. आणि अक्षरे झाल्याबरोबर मुलांना जमवून बसला, हे दुसरे. आपण पहिल्याचे कौतुक करतो. पण पहिले काम करून तो थांबला असता, तर आज त्याचेही नाव एखाद्या पोथीच्या समासात शोधावे लागले असते.

आपल्या दंततालव्य 'च'ला तर अक्षरही नाही. शब्दकोशात कुठे खाली टिंब देतात तेवढेच. तो फक्त आजी-आजोबांच्या, आई-बापांच्या तोंडात आहे. तिथून नातवंडांच्या कानात गेला तर राहील. म्हणून सध्या मी नातवाला रोज रात्री फोनवर एक गोष्ट सांगतो. व्याकरण शिकवत नाही. चोर, चाक, चूल, चांदणे, जहाज, जावई, झाड, झोका, हे सगळे गोष्टीत येतील एवढे पाहतो. परवा त्याने मला विचारले, "आजोबा, चोराचा च आणि चिमणीचा च वेगळा का?" मला शाळा तपासणीत शेरा चांगला मिळाल्यासारखे वाटले!

तुमच्याकडची मुले 'चारा' कसा म्हणतात, जरूर कळवा. मी आता जरा थांबतो. हा 'जरा' दोन्हींपैकी कुठला, ते तुम्हीच ठरवा.